निळा ठसा
सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला की आजही मला तो दिवस आठवतो. एकाच चित्रकाराच्या चित्रांचं संग्रहालय शहरात उभं राहत होतं. तिथल्या फ्रेमांचं काम मी भांडून मिळवलं होतं, कारण अशोका गार्डन वस्तीतल्या दुकानात देवांच्या तसबिरी मढवणारा माझ्यासारखा माणूस व्यवस्थापकांना नको होता. तसबीर चौकटीत बसवण्याआधी आम्ही तिच्या कागदाची पांढरी कड कापतो. एका चित्राची कडही मी त्याच सवयीने कापली. दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर लागलं तेव्हा चित्रकाराच्या पत्नी जवळ आल्या. "सहीऐवजी हे कडेला निळा अंगठा उमटवायचे. तो कुठंय?" "फ्रेमखाली दबला असेल, ताई. उघडून पाहतो," असं म्हणून मी चित्र घेऊन दुकानाकडे सुटलो. आमचा भुसा आणि कात्रणं शेजारच्या चहाच्या भट्टीत जातात. चहावाल्याने पोतं उपडं करून मूठभर आत टाकलंही होतं. मी त्याचा हात धरला. "मियाँ, अब कचरे का भी मोलभाव करोगे?" तो हसला. मी भुशात गुडघे टेकून एकेक पांढरी पट्टी उलटून पाहत होतो. ठशाची पट्टी सापडली, एका टोकाला करपलेली. मागून खळ लावून मी ती जोडली. काच बसवण्याआधी ताईंनी सांध्यावरून हळूच बोट फिरवलं आणि काच माझ्या हातात दिली. संग्रहालयातल्या पाटीवर फ्रेम करणाऱ्याचं नाव नाही, म्हणून व्यवस्थापकांशी मी अजून तावातावाने भांडतो; भांडत भांडत त्या चित्रासमोर आलो, की मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो.