चंद्रीचं पोट

काल काळ्या शाईची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मला हर्सूल तलावाकाठची चंद्री आठवली. चंद्री म्हणजे एक शेळी.

मी तेव्हा ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला होते. सगळा वर्ग कॉम्प्युटरवर चित्रं करायचा. मी एकटीच हट्टानं बोरू आणि शाई घेऊन हिंडायची. दुसऱ्या दिवशी वर्गात एका जनावराचं चित्र द्यायचं होतं. तासभर खपून मी तळ्याकाठी चरणारी ती शेळी काढली. तिच्या मालकीण मावशी काठी टेकवत माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

“ही माझी चंद्री व्हय?”

“हो की, मावशी.”

“नाय. पोट कुठंय तिचं? गाभण हाय ती. लई वाळवलीस तिला!”

मी दुसरा कागद घेतला. पोट, कास, चिरलेला कान असं एकेक त्या दाखवत गेल्या आणि मी काढत गेले. चित्र इतकं जमलं की शाई वाळताच मावशींनी ते घडी घालून कमरेला खोचलं. “माझ्या शेळीचं हाय,” म्हणाल्या आणि चालू लागल्या. तेव्हा मला रडू कोसळलं होतं. आज वाटतं, माझ्या चित्राला त्याहून मोठी दाद कुणी दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर बसून मी आठवणीतूनच चंद्री पुन्हा काढली. सरांनी चष्मा सारखा करून पाहिलं.

“पोट जरा जास्तच झालंय.”

“सर,” मी ऐटीत म्हणाले, “गाभण आहे ती.”