धुऱ्यावरचा कडुलिंब

शेजाऱ्यानं धुरा पेटवलाय. बांधावरचं गवत जळायला लागलं की त्या वासासरशी मला नव्वदच्या दशकातली शिरड शहापूरची एक दुपार आठवते.

सावलीत पीक येत नाही म्हणून बाबांनी त्या सकाळी धुऱ्यावरचा कडुलिंब तोडला होता. दुपारी आई भाकरी घेऊन आली आणि सवयीनं तिथंच, बुडख्याशेजारी, भर उन्हात बसली.

"औंदा लईच तापून राहिलं," बाबा घाम पुसत म्हणाले. "देवाची करणी."

"ऊन देवाचं हाय," आई भाकरी मोडत म्हणाली. "सावली आपली व्हती."

आम्ही तिघं उन्हातच जेवलो.

आता ते दोघंही नाहीत. ऊन दरसाल वाढतंच आहे. शेतात आले की मी तिथंच डबा उघडते, आणि त्या नसलेल्या सावलीत तिघं मावावीत म्हणून अजून जरा सरकूनच बसते.