साग मेला नव्हता

मनवेलपाड्यात आमची चाळ आणि शेजारची नवी बिल्डिंग यांच्या मधे दोन साग होते. त्यांच्या सावलीमुळेच आमच्या पत्र्याखाली दुपारी बसवायचं. आई तिथे शिवणाचं मशीन चालवते.

गेल्या आषाढात सागावर अळी पडली. बघता बघता पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. बिल्डिंगचे सेक्रेटरी वर बघून म्हणाले, "मेली झाडं. गाड्यांवर पडायच्या आत तोडून टाकू."

माझं डोकं फिरलं. आमच्या सात पिढ्यांत कॉलेज पाहिलेली पहिली मी, आणि विषय प्राणिशास्त्र! मी सांगितलं, ही सागावरच्या पतंगाची अळी आहे. मादी कोवळ्या पानावर अंडी घालते. अळी पानं खाते, पोट भरलं की धाग्याला लोंबकळत खाली उतरते, पाचोळ्यात कोष करते. त्यातून तपकिरी पतंग निघतो, मागच्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेला, आणि दुसरीकडे कोवळी पानं शोधत उडून जातो. साग मरत नाही, परत फुटतो. तुंगारेश्वरच्या जंगलात जाऊन बघा.

"ताई, कॉलेज बाजूला ठेवा. झाड दिसतंय ना डोळ्यांना?"

"मग हेही बघा," म्हणत मी नखाने साल खरवडली. आत हिरवंगार. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. एक जण तर "अरे हो की" म्हणाला. तरी तोडायचंच ठरलं. त्यांना पार्किंग हवं होतं, आणि त्यासाठी झाड मेलेलं असणं सोयीचं होतं. अडाण्याला समजावता येतं हो. बघून न बघणाऱ्याला काय समजावणार?

मी कामावर गेल्याची वेळ साधून बिल्डिंगवाल्यांनी करवत आणली. परतले तेव्हा एक साग आडवा झाला होता. बुंध्याचा काप ओला होता. दुसऱ्याला पाठ टेकून आई स्टुलावर बसली होती आणि करवतवाले बिड्या ओढत समोर ताटकळले होते.

"कोन म्हनतो मेलाय? माजी पोरगी बोलली, फुटंल. आधी मला उचला, मग ह्याला."

तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

श्रावण सरेपर्यंत तो साग सुपाएवढ्या पानांनी भरला. आणि त्याच्या सावलीत पहिली गाडी कुणाची लागली? सेक्रेटरींची. शिवाय सोबतच्या पाहुण्याला सांगत होते, "आम्ही झाडं जपतो."

ते ऐकून मी तशीच घरातून बाहेर आले.

"साहेब, गाडी काढा. मेलेल्या झाडाखाली लावू नये."

पाहुणा हसला. सेक्रेटरींनी दार आपटलं, पण गाडी काढली.