बामच्या झाकणाची माशी

२०२२ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. पोळा फुटला, बैल आपापल्या घरी गेले, की वेशीजवळच्या निंबाला दोऱ्यानं लिंबू टांगतात आणि छर्‍याच्या बंदुकीनं फोडतात. पहिला बार माझा. मिशा काळ्या होत्या तेव्हापासून माझाच.

त्या उन्हाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. लांबचं लख्ख दिसू लागलं, पण बंदुकीवरची जवळची खाच धुरकट झाली. नळीच्या टोकाला नेम धरायचं बारकं बोंड असतं, त्याला आम्ही माशी म्हणतो. ती खाचेत धरायची असते. खाचच दिसेना, तर माशी धरू कुठं?

हे माझ्या साळ्याला कळलं. तो गावातच राहतो. त्यानं आपल्या बंदुकीवर विकतची दुर्बीण बसवली होती. पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, औंदा पहिला बार मले द्या. तुमाले एका लिंबाचे दोन दिसतीन."

लोक हसले.

"दोन दिसले त दोनी फोडीन बे," मी म्हटलं. "पण हुकलो त पुढच्या सालापासून पहिला बार तुहा."

बोलून बसलो. आता मागं हटणं माझ्या रक्तात नाही.

घरी ओसरीवर पसारा मांडला. जुन्या स्लीपरचा तळ कापून दस्त्याच्या मागं चिकटवला, खांद्याला धक्का बसू नये म्हणून. खाटेच्या निवारीचा पट्टा लावला. मग खरं काम. जुनी खाच काढून टाकली. बामच्या डबीचं झाकण घेतलं, दिव्याच्या काजळीनं काळं केलं आणि मधोमध भोक पाडलं. ते झाकण बिजागरीच्या एका पानावर ठोकलं, दुसरं पान डोळ्याजवळ बंदुकीवर आवळलं. झाकण उभं करा, आडवं करा.

बायको सूप घेऊन आली. "काय करून राह्यले?"

"माशी बसत नाही. तिले बसवून राह्यलो."

"लोकं माश्या हाकलतात, न् हे बसवतात!"

पहिलं भोक दाभणानं पाडलं होतं. फार मोठं झालं, माशी इकडंतिकडं फिरायची. झाकण फेकलं. दुसऱ्या झाकणाला बायकोच्याच शिवणाच्या सुईनं पाडलं. त्यातून पाहिलं, तर माशी अशी ठळक, जशी भाकरीवर तीळ.

पोळ्याच्या संध्याकाळी निंबाखाली उभा राहिलो. मागं मातीची पडकी भिंत, लोकं बाजूला. साळा म्हणाला, "डबीतला बाम डोळ्याले लावला का, भाऊजी?"

मी श्वास धरला. बार काढला. लिंबाचा रस साळ्याच्या टोपीवर उडाला.

दुसरं लिंबू त्याच्यासाठी टांगलं. पण बंदुकीच्या धक्क्यांनी त्याच्या दुर्बिणीचे स्क्रू ढिले झाले होते. छर्रा भिंतीत गेला. सगळे पांगल्यावर साळा हळूच जवळ आला. "भाऊजी, मले बी तसं एक झाकण करून देता काय?"

"हाव, देतो की. काऊन नाही?"

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर होती, बैलांना सुट्टी. मी सकाळीच ओसरीवर बसलो, साळ्यासाठी झाकण काळं केलं आणि भोक दाभणानं पाडलं.