ब्रेकला डोळे मिटणारा देव

आमचे आबा एसटीत बसले की उजव्या पायानं फरशी दाबत राहतात. पुढं ट्रॅक्टर आडवा आला की जोरात दाबतात, आणि ड्रायव्हरनं जरा उशीर केला की अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पावणं, ब्रेक पायाखाली हाय, शेजारच्या गावात न्हाय." ड्रायव्हर मागं वळून बघतो. मी खिडकीबाहेर बघते. आई मात्र डोळे मिटून बसलेली असते. तिला याची सवय फार जुनी आहे.

हातकणंगल्यात कुणालाही "नाकाडीवाले आकाराम" म्हणून विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. नाकाडी म्हणजे आबांचा ट्रक. लांब नाकाचा, इंजिन पुढं बाहेर आलेला, आता रस्त्यावर शोधूनही सापडणार नाही असा. इकडून गूळ घेऊन आजऱ्याला जायचं आणि तिकडून घनसाळ तांदूळ नाहीतर काजू भरून यायचं, एवढंच तिचं काम. आजरा हे आईचं माहेर. आबा सांगतात की गूळ पोचवून पोचवून त्यांनी सासुरवाडीची सगळी माणसं गोड केली, एक तेवढी आधीच घरी आणल्यामुळं राहून गेली. आई यावर काही बोलत नाही. त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्त पडतं.

नाकाडीच्या केबिनमध्ये काचेच्या वर जोतिबाची तसबीर आहे आणि तसबिरीपुढं बोराएवढा लाल दिवा. तो दिवा आईनं लावलेला. आजऱ्यात तिच्या भावाचं मंडपाच्या लायटिंगचं काम होतं, त्यामुळं दोन वायरी जोडायला ती कुणाला विचारत नसे. दिव्याची एक खोड होती. किल्ली फिरवली की लागायचा, पण आबांनी ब्रेक दाबला की विझायचा. पाय काढला की पुन्हा लागायचा. आबा याचा अर्थ एकच सांगायचे: ब्रेक मारला की देव डोळे मिटतो. ढाब्यावरच्या किती ड्रायव्हरांना त्यांनी केबिनमध्ये चढवून हा चमत्कार दाखवला असेल, त्याला गणती नाही. शाळेत असताना मीही मैत्रिणींना आणून दाखवत असे. पुढं अक्कल आली तरी मी काही बोलले नाही. माझा स्वभाव फटकळ आहे असं माहेर-सासर दोन्हीकडचं मत आहे, पण काही गोष्टींना मी हात लावत नाही.

गेल्या वर्षी नाकाडीचं इंजिन बसलं. सुटे भाग मिळेनात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चमनचाचांनी, म्हणजे आमच्या जुन्या वायरिंग मिस्त्रींनी, एका नव्या पिकअपचं इंजिन त्याच्या कंप्युटरसकट आणलं आणि फिटरला हाताशी धरून नाकाडीत बसवलं. पासिंग झालं. नाकाडी तरण्या पोरीसारखी पळायला लागली. पण तोवर आबांचा उजवा गुडघा गेला होता.

गुडघा दुखतो असं आबा कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "रेस जड झालीया," म्हणजे ॲक्सिलरेटर. शेवटी चमनचाचांनीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "घाटात काय हुत न्हाय. घाटात पाय नाचतोय. सरळ रस्ता आला की एका जाग्यावर धरून धरून दगड हुतो बघ." चमनचाचा हसले. या इंजिनाच्या कंप्युटरमध्ये क्रूझ नावाची सोय मुळातच होती. वेग ठरवून बटण दाबायचं आणि रेसवरचा पाय काढून घ्यायचा, गाडी त्याच वेगानं आपली आपण चालते. ब्रेकला पाय लागला की सोय सुटते आणि गाडी परत ड्रायव्हरच्या ताब्यात येते. फक्त बटण बसवून चार वायरी न्यायच्या. आबांनी ते ऐकलं त्या दिवशी घरी येताना माझ्यासाठी भेळ आणली. मी दोन लेकरांची आई आहे, पण आबांना आनंद झाला की ते मला भेळ आणतात.

बटण बसलं. क्रूझ लागेना. बटण दाबलं की समोर हिरवी खूण यायची आणि लगेच जायची.

चमनचाचांनी ब्रेकचा स्विच बदलला. क्लचचा बदलला. वेग मोजणारा सेन्सर बदलला. कंप्युटर काढून दुसऱ्या गाडीला लावून बघितला, तिथं तो झकास चालला. दर खेपेला आबा आशेनं हायवेला जायचे आणि गुडघा धरून परत यायचे. एकदा केबिनमधून उतरताना ते पायरीवरच बसून राहिले. मी हात पुढं केला, तर म्हणाले, "बसलोय गं वर्षे, हवा चांगली हाय." हवेत डिझेलच्या धुराशिवाय काही नव्हतं. मला त्या हिरव्या खुणेचा इतका राग आला की बोलायची सोय नाही.

याच सुमाराला माझा चुलतभाऊ विश्वजित यानं कागलच्या पुढं हायवेला हॉटेल काढलं. पोरगा वाईट नाही. नाकाडीला नवं इंजिन बसलं तेव्हा त्यानंच हौसेनं मागचे जुने बल्ब काढून झगझगीत एलईडीचे दिवे बसवून दिले होते. आता त्याच्या डोक्यात आलं की नाकाडी हॉटेलच्या दारात उभी करायची. चौथरा बांधून तयार होता.

"काका, लायटीच्या माळा सोडतो तिच्यावर. लोकं फोटो काढत्याल. राणी हुईल उभ्या उभ्या," तो म्हणाला.

"उभी राहायला ती काय पुतळा हाय व्हय?" आबा म्हणाले. पण त्या दिवशी ते नुकतेच आजऱ्याहून आले होते आणि पाय खुर्चीवर घेऊन बसले होते. बराच वेळ गुडघा चोळून झाल्यावर म्हणाले, "ह्या ऐतवारपतूर ते बटण लागलं तर माझी. न्हायतर सोमवारी घेऊन जा."

एकदा दिलेला शब्द आबा परत घेत नाहीत. आईनं लग्नानंतर पुष्कळदा प्रयत्न करून बघितला आहे.

रविवारी आम्ही तिघं उद्यमनगरात गेलो. दुकानं बंद, लेथचा आवाज नाही, रस्त्यावर फक्त लोखंडाचा कीस. आईनं पिशवीत हळदकुंकू आणि नारळ आणला होता. गाडी जाणारच असली तर तिची पूजा करून द्यावी, असं तिचं म्हणणं. ती केबिनमध्ये चढली आणि तसबिरीला हार घालायला लागली. आबा बाहेर उपड्या डब्यावर बसले. चमनचाचा गाडीच्या मागच्या बाजूला खाली शिरले.

त्यांच्या हातात त्यांचा नेहमीचा टेस्ट लॅम्प होता. मध्ये एक बल्ब, एका वायरीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावायचा, सुई ज्या वायरीवर शंका आहे तिला टोचायची. करंट असला तर बल्ब लागतो. किल्ली चालू ठेवून त्यांनी ब्रेक लाइटच्या वायरीला सुई टोचली. बल्ब लागला नाही. ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, म्हणजे बरोबरच होतं. ही तपासणी त्यांनी आधीही कितीदा तरी केली होती.

"लागला बाई," केबिनमधून आई म्हणाली.

"काय लागलं?" मी विचारलं.

"देवाचा दिवा. लालभडक."

खाली चमनचाचांनी सुई काढली.

"गेला बघ परत," आई म्हणाली.

आबा डब्यावरून म्हणाले, "कवाचा मंद झालाय त्यो. नवं इंजिन आल्यापास्नं. देवाला रुचलं न्हाय ते."

चमनचाचा गाडीखालून उताणे सरकत बाहेर आले. त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. "आबा, हे मला का न्हाय सांगिटलं?"

"तुझं काम वायरीचं. देवाचं तुला काय सांगायचं?"

"दिव्याला वायर हाय की, आबा."

आबांनी डबा गाडीच्या जवळ ओढला.

चमनचाचा परत खाली गेले. सुई टोचली की आई म्हणायची, "लागला." काढली की, "गेला." चार वेळा झालं. मग ते केबिनमध्ये चढले, डॅशबोर्डची पट्टी सोडवली आणि दिव्याची वायर बोटानं धरत आत आत गेले. एका ठिकाणी थांबले. तिथं दिव्याची दुसरी वायर ब्रेकच्या वायरीला पिळून जोडली होती आणि वर चिकटपट्टीच्या जागी हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी गच्च गुंडाळली होती. रंग उडाला होता, पण काठ ओळखू येत होता.

"माझंच हाय ते," आई म्हणाली. "जिच्यात करंट न्हवता ती वायर धरली. दिवा लागला. मग बरोबरच की."

चमनचाचांनी मला समजावून सांगितलं, पण बघत होते आबांकडं. दिव्यातून आलेला करंट ब्रेकच्या वायरीतून मागच्या बल्बात जायचा आणि तिथून गाडीच्या पत्र्याला मिळायचा. जुना बल्ब तो मुकाट जाऊ द्यायचा. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी करंट यायचा, म्हणून दिवा विझायचा. विश्वजितचे एलईडी दिवे मात्र तेवढ्याशा करंटला वाट देत नव्हते. तो वायरीतच तटून राहायचा; सुई टोचली की टेस्ट लॅम्पमधून त्याला वाट मिळायची, म्हणून दिवा लागायचा. "आणि कंप्युटरला वाटतंय, आबांचा पाय ब्रेकवरच हाय. मग क्रूझ कशी धरंल?"

आईचा दिवा आणि विश्वजितचे दिवे, दोघांचं पटत नव्हतं, एवढंच काय ते झालं होतं.

चमनचाचांनी चिंधी सोडवून माझ्या हातात दिली आणि दिव्याची वायर ब्रेकपासून तोडून सरळ पत्र्याच्या बोल्टला आवळली. दिवा लालभडक लागला. आबा केबिनमध्ये चढले, ब्रेक दाबला. दिवा तसाच. पुन्हा दाबला. देव टक्क डोळे उघडे ठेवून बघत होता. आबांचा चेहरा उतरला. चमत्कार गेला याचं मला वाटलं त्याहून जास्त वाईट त्यांना वाटलं, हे दिसत होतं.

"एक छोटा रिले टाकून पयल्यासारखा मिटाय लावतो की," चमनचाचा म्हणाले.

"आदी बटण बघू," आबा म्हणाले.

आम्ही चौघं दाटीवाटीनं बसून हायवेला लागलो. आईनं न फोडलेला नारळ डॅशबोर्डवर तसबिरीच्या खाली ठेवला होता. उड्डाणपूल संपला, रस्ता सरळ झाला. आबांनी बटण दाबलं. हिरवी खूण आली. मी तिच्याकडंच बघत होते. खूण गेली नाही.

आबांनी आधी चवडा उचलला, मग टाच. नाकाडी चालतच होती. त्यांनी पाय फरशीवर सपाट ठेवला, पुढं सरकवला, चपलेतून काढून बोटं हलवली. एसटीत ज्या पायानं ते फरशी दाबत असत, तोच पाय नुसता पडून होता.

"वर्षे," ते मला म्हणाले, "पाय माझाच हाय गं अजून."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चमनचाचा खिडकीबाहेर बघत राहिले.

बऱ्याच वेळानं आबा आईला म्हणाले, "तुला ठावं हुतं व्हय, दिवा वायरीनं विझतोय ते?"

"व्हय."

"मग एवढी वर्षं बोलली का न्हाईस?"

आई हारातली सुटलेली पाकळी नीट करत होती. "ही आपली वर्षी पोटात हुती तवा. तुम्ही ब्रेक मारायचा म्हंजे माझं कपाळ काचंला लागायचं. किती सांगिटलं, ऐकला न्हाई. मग दिवा लावला, आणि तुम्हीच म्हणालात, देव डोळं मिटतोय. त्या दिवसापास्नं देवाला तरास नको म्हणून तुम्ही ब्रेक हळू माराय लागला. मग कशाला बोलू?"

मी हातातली चिंधी मुठीत धरली. माझ्या जन्माच्या आधीपासून या माणसानं जपून ब्रेक मारला तो देवासाठी, अशी त्याची समजूत होती.

कागल मागं पडलं. विश्वजितचं हॉटेल दिसायला लागलं. सिमेंटचा नवा चौथरा, त्याच्यावर पाणी मारत तो उभा होता. नाकाडी बघून त्यानं हात हलवला. त्याला सांगायलाच हवं होतं. आबांनी पाय उचलून ब्रेकवर नेला आणि सवयीनं वर बघितलं. दिवा तसाच जळत होता.

"ह्यो आता बघतच ऱ्हाणार," ते म्हणाले.

"रिले टाकू का?" चमनचाचांनी विचारलं.

"बघू दे की त्याला," आई म्हणाली. "डोळं मिटाय मी हाय."

आबांनी शेजारी बघितलं. आईनं खरंच डोळे मिटले होते. मग त्यांनी गाडी चौथऱ्यापाशी अशी हळू उभी केली, की डॅशबोर्डवरचा नारळ जागचा हलला नाही.