डिंडोलीच्या विहिरीचं पाणी

परवा जुनी ट्रंक उघडताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि सुरतेतली ती दुपार आठवली. सत्तरच्या दशकात मी तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करणारे, मूळचे खानदेशातले सुपडूभाऊ एकदा शहराजवळच्या डिंडोलीतल्या आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन आले. त्याला असाच वास होता. मी ते आमच्या यंत्रात ठेवलं. पाणी किती प्रकाश शोषतं ते त्यावर कळायचं. कागदावर रेघ सरळ आली, म्हणजे पाण्यात काही मिसळलेलं नाही. नाकाला कळलं होतं, पण मी रेघेवर विश्वास ठेवला. म्हणाले, "पाणी चांगलं आहे, भाऊ."

दोन महिन्यांनी नवीन यंत्र आलं. अतिनील किरण टाकले की पदार्थ स्वतः जो उजेड सोडतो, तो हे यंत्र मोजायचं. कणभर रसायनही त्यातून सुटत नसे. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी जुने नमुने दोन्हींवर ताडून पाहायला सांगितले. सुपडूभाऊंची बाटली लावली आणि रेघ काढणारं पेन चढत चढत कागदाच्या कडेला जाऊन अडकलं. जुन्या यंत्रावर रेघ पुन्हा सरळच.

"रंगाच्या कारखान्यातलं रसायन आहे," सर म्हणाले. "विष आहे हे."

मी तशीच डिंडोलीला गेले. सुपडूभाऊंची लहान मुलगी दारात तेच पाणी पीत होती. मी सगळं सांगितलं.

"ताई, तूच तं सांगेल व्हतं, पानी चांगलं शे," ते म्हणाले. मुलीच्या हातातला पेला काढून घेत त्यांनी विचारलं, "आतेपावत पिनं, त्यानं काय?"

त्यांनी विहीर फळ्या ठोकून बंद केली. आतापर्यंत पोटात गेलेलं पाणी मात्र परत निघणार नव्हतं.