प्रज्ञानं न सांगितलेली चूक

वरणगावची प्रज्ञा आणि दोंडाईच्याची रत्ना जळगावच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहायच्या. मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ रत्नाला प्रज्ञानंच शिकवला. पण पुण्याच्या एका व्यावसायिक संघानं चाचणी घेतली, तेव्हा प्रज्ञा पहिल्या फेरीतच बाद झाली आणि रत्नाला त्यांनी पगारावर ठेवून घेतलं.

दोन वर्षांत रत्ना जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली. प्रज्ञा भुसावळच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहीत होती. रत्नाचा एकही सामना ती चुकवायची नाही, आणि दर वेळी रत्ना हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसायची.

उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी रत्नाचा फोन आला. "माझं कुठं चुकतंय गं? तुझ्याइतका माझा खेळ कुणालाच कळत नाही."

चूक प्रज्ञाला केव्हाच दिसली होती. घेरली गेली की रत्ना नेहमी डावीकडेच पळायची.

"काही चुकत नाही. मस्त खेळतेस," प्रज्ञा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रत्ना डावीकडे पळाली आणि तिथं दबा धरून बसलेल्या समोरच्या संघातल्या मुलीनं तिला टिपलं. संघ हरला. प्रज्ञाच्या जिवाला क्षणभर गार वाटलं.

संध्याकाळी रत्ना फोनवर रडत होती. "बठ्ठी चूक मनीच शे!" सगळा दोष ती स्वतःलाच देत होती.

प्रज्ञाला ते ऐकवेना. "तू डावीकडेच पळतेस, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मुद्दामच सांगितलं नाही."

रत्नानं फोन ठेवला, तो पुन्हा केला नाही. पुढच्या हंगामात घेरली गेली तरी ती डावीकडे पळायची नाही, आणि मोठे सामनेही जिंकायला लागली. प्रज्ञा अजूनही तिचा प्रत्येक सामना बघते आणि अजूनही जळते.